अंगाले वारा लागू दे

गोजराबाईच्या बापाला तिनंच मारलं, असं केनवडात बरीच वर्षं बोललं जायचं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण ती विहिरीवर आली की बाया गप्प व्हायच्या, आणि ती गेली की पुन्हा बोलायला लागायच्या.

झालं होतं ते असं. तिचा बाप माणिकराव याच्याकडं एक वळू होता. पांढरा, मानेवर करड्या झाकेचा, घागरीएवढं वशिंड असलेला. एका उन्हाळ्यात तो शेजाऱ्याच्या भुईमुगात शिरला. शेजाऱ्यानं चार लोकांत माणिकरावाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. माणिकराव ऐकून घेणारा माणूस नव्हता, पण चूक त्याच्याच जनावराची होती, त्यामुळं त्याचा सगळा राग जनावरावर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वळूला वावरातल्या बोडख्या खुंटाला दोन्ही बाजूंनी आवळून बांधलं. वेसण इतकी वर ओढली की त्याला मान हलवता येईना. शेपटी मागच्या पायाला बांधून टाकली. घरच्यांना सांगितलं, पाणी दाखवायचं नाही.

गोजरा तेव्हा परकर नेसायची. बापाची भाकर घेऊन ती वावरात गेली, तेव्हा ऊन चढलं होतं. वळू आधी कान हलवत होता. कानांच्या आतल्या शिरा बोटाएवढ्या फुगल्या होत्या. खांद्यावरचे केस घामानं ओले होऊन चिकटले होते. गळ्याखालची लोंबती पोळी, जी एरवी चालताना हलते आणि तिच्यावरून वारा जातो, ती दोन दोरांच्या मध्ये चेपून गेली होती. दुपार झाली तसे कान थांबले. मग त्यानं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. गावरान जनावर सहसा कुत्र्यासारखं धापा टाकत नाही. ते धापा टाकायला लागलं म्हणजे त्याच्या अंगाकडचे सगळे उपाय संपलेले असतात. हे गोजराला तेव्हा सांगता आलं नसतं, पण दिसलं मात्र नक्की. तिनं एका बाजूचा दोर सोडला.

वळूनं दुसरा दोर एका हिसक्यात तोडला. माणिकराव काठी घेऊन धावत आला आणि त्यानं नेमकी त्याच्या नाकाडावर काठी घातली. वळूनं मान खाली घेतली आणि वर केली, एवढंच. शिंग पोटात गेलं. माणिकराव शिंगावर उचलला गेला, खाली पडला, आणि वळूनं त्याला पुन्हा उचललं. जीप येऊन रिसोडच्या वाटेला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळच्या आत तिच्या काकांनी वळूला विहिरीच्या कडेला गाठलं आणि लोखंडी सब्बल नि कुऱ्हाडींनी मारून टाकलं. वळू लवकर मेला नाही. गोजराला तिथंच उभं केलं होतं, पाहायला.

घरी आल्यावर आईनं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. "दोर कायले सोडला?" एवढंच विचारत राहिली. त्या माराची खूण कपाळावर कायमची राहिली.

गावातच दिली तिला, जगदेवच्या घरी. जगदेव कमी बोलणारा आणि कधी हात न उचलणारा माणूस. पोटापुरतं वावर, चार-पाच जनावरं. गोजराबाई जनावरांतच राहायची. चैत्र लागला की ती सकाळ-दुपार प्रत्येक जनावराच्या कानाच्या मुळाशी आणि शिंगाच्या बुडाशी हात लावून बघायची. तिथं रक्त कातडीला लागून वाहतं, त्यामुळं अंगातली उष्णता तिथं पहिल्यांदा हाताला कळते. एका वर्षी घरात संकरित गाय आली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पाठ सपाट, गळ्याखाली लोंबणारं काही नाही, अंगावर दाट केस. दूध भरपूर द्यायची. वैशाखात ती झाडाखाली उभी राहूनही लाळ गाळायची, आणि शेजारची गावरान गाय उन्हात उभी राहून रवंथ करायची. गोजराबाई तिला दिवसातून चारदा पाणी मारायची, तरी ती दुसऱ्या उन्हाळ्यात गेली.

सून वैभवी नवी होती. ती गाय जिवंत असतानाच एकदा तिनं विचारलं, "आत्याबाई, दोघी गाईच ना? मंग हिलेच काहून होते असं?"

"हिची चरबी साऱ्या अंगावर हाये, गोधडी पांघरल्यावानी," गोजराबाई म्हणाली. "आपल्या गाईची चरबी वशिंडात गोळा झाली. बाकी अंग मोकळं. कातडी ढिली, घाम जास्त, केस बारीक. वरून पांढरी, खालून कातडी काळी. ऊन वरच्या वर जाते. पण घाम वाळाले वारा लागते बाई. वारा नसला तं ही बी मरते."

लखन हा तिचा एकुलता मुलगा. लहानपणी तो गोऱ्ह्याच्या पोटाला टेकून झोपायचा. बारावीनंतर रिसोडला मोबाइलच्या दुकानात बसायला लागला आणि तिथं त्याला काही मित्र मिळाले. त्यांतला प्रज्वल त्यांचा म्होरक्या. ही पोरं रस्त्यावर गुरांच्या गाड्या अडवायची. लखनचं गुरांवरचं प्रेम खोटं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. दावणीचा बैल आजारी पडला की तो जेवायचा नाही. पण गाडी अडवून आला की त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक असायची, आणि हाताच्या गाठी सोललेल्या असायच्या. गोजराबाईनं एकदा त्याचा हात धरून विचारलं, "हे कोनाचं रगत हाये?" त्यानं हात सोडवून घेतला.

तो मे महिना फार वाईट होता. दुपारी पाखरंसुद्धा बोलत नव्हती. गोजराबाईचं वावर डांबरी रस्त्याला लागून. ती आणि वैभवी गोठ्याच्या सावलीत बसल्या होत्या, तेव्हा रस्त्यावर टायर फुटल्याचा आवाज झाला. एक ट्रक डगमगत आला आणि कडेच्या नालीत एका बाजूनं रुतून बसला. मागं ताडपत्री घट्ट आवळलेली. आतून लाकडी फळ्यांवर खुरांचा मार ऐकू येत होता. त्या आवाजावरूनच गोजराबाईला कळलं की आत जागा नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. मध्यमवयाचा, मळकट बनियनमधला माणूस. भाऊसिंग त्याचं नाव, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. हे नंतर कळलं. ऊसतोडीला जायचा, उरलेल्या दिवसांत कुणाचीही गाडी चालवायचा. गुरं कुठल्या तरी बाजारातून भरली होती आणि पुढं कुठं उतरवायची ते त्याला रस्त्यात फोनवर सांगणार होते. त्यानं गोजराबाईकडं पाहून हात जोडले. "माय, पानी भेटन का जनावराइले?"

ती हंडा उचलते न उचलते तोच मोटरसायकली आल्या. सगळ्यांत पुढं प्रज्वल, त्याच्या मागं लखन. कुणी पाळत ठेवली होती की नुसता योगायोग, कोण जाणे. त्यांनी भाऊसिंगला काही विचारलं नाही. प्रज्वलनं त्याला कानाखाली दिली, दुसऱ्यानं केस धरून खाली पाडलं, आणि मग लाथा सुरू झाल्या. गावातूनही माणसं धावत आली. त्यांतली काही बघायला आली होती आणि बघता बघता मारायला लागली.

गोजराबाई विळा घेऊन ट्रकच्या मागं गेली. तिनं ताडपत्रीचे दोर कापले. ताडपत्री बाजूला झाली, तशी आतून तव्यावरची असावी अशी वाफ तिच्या तोंडावर आली. वैभवी दोन पावलं मागं सरली.

आत जनावर जनावरावर होतं. मान मानेत अडकवून बांधलेली. खाली पडलेल्यांच्या पोटांवर बाकीच्यांचे पाय होते. काळ्या-पांढऱ्या संकरित गाई बहुतेक खालीच होत्या, डोळे उघडे आणि कोरडे. एकीची जीभ खुराखाली आली होती. उभ्या होत्या त्या गावरान, पण त्यांचीही तोंडं उघडी, तोंडाला फेस. एकीची पोळी दुसरीच्या पाठीला चिकटून, कान दोरात गुंतलेले, अंगावर घाम इतका की खाली गळत होता. घाम होता, पण तो वाळायला बोटभरही जागा नव्हती. ज्या अंगानं त्या उन्हात दिवसभर टिकल्या असत्या, त्याचा इथं काही उपयोग नव्हता.

वैभवीनं बादली उचलून आत पाणी फेकलं.

"नुसतं पानी नको मारू," गोजराबाई ओरडली. "अंगाले वारा लागू दे आधी. हे बाहिर आले पाह्यजेत. फाळका उघडा."

मागच्या फाळक्याला साखळी आणि भलं मोठं कुलूप होतं. ती गोठ्याकडं धावली, सब्बल घेऊन आली आणि कुलपावर घातली. कुलूप हललं नाही. तिनं माणसांच्या घोळक्याकडं पाहिलं. पंचवीस-तीस दांडगी माणसं तिथं होती आणि ट्रककडं सगळ्यांचीच पाठ होती. आत गुरं मरत होती आणि बाहेर गुरांच्या नावानं एका माणसाला मारणं चाललं होतं.

"चावी कुठी हाये?" ती घोळक्यात शिरली. "त्याले बोलू द्या. चावी त्याच्यापाशी हाये."

कुणी ऐकलं नाही. भाऊसिंग कुशीवर पडला होता, दोन्ही हात डोक्यावर. एक डोळा सुजून बंद, त्यातून पातळ रक्त येत होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडत होतं, पण तोंडात रक्त आणि तुटलेले दात होते. लखन त्याच्या डोक्याशी उभा होता. त्याच्या हातात ट्रकच्या जॅकची लोखंडी दांडी होती आणि ती रक्तानं ओली होती.

"लखन, ठेव ते," गोजराबाई म्हणाली.

"माय, तू बाजूले हो."

"गुरं मरून राह्यले तिकडं. चावी घेऊ दे."

"याच्यानंच मरून राह्यले ना?" आणि लखननं दांडी वर उचलली. यावेळी ती नेमकी कवटीवर येणार होती.

गोजराबाईच्या हातात सब्बल होती. ती तिनं लखनच्या उचललेल्या हातावर घातली. जोर करून घातली. कोपराच्या खाली हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दांडी खाली पडली. लखन हात छातीशी धरून गुडघ्यांवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा ओरडला.

घोळका थांबला. प्रज्वल पुढं आला, तशी तिनं सब्बल त्याच्याकडं वळवली. "ये," ती म्हणाली. प्रज्वल आला नाही.

ती भाऊसिंगच्या तोंडाशी वाकली. पदरानं त्याच्या तोंडातलं रक्त काढलं. तो "सीट" एवढंच बोलला. वैभवी केबिनमध्ये चढली, सीटखाली चाचपून चावी घेऊन आली.

कुलूप निघालं. फाळका पडला आणि त्यासरशी आतलं ओझं बाहेर सांडलं. दोन मेलेल्या गाई, त्यांच्यावरून घसरत एक वासरू, आणि मग सगळ्यांना तुडवत एक पांढरा बैल. त्याचा दोर गोजराबाईनं नुकताच फळ्यांतून विळा घालून कापला होता. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. प्रज्वल मोबाइलवर चित्र घ्यायला फाळक्याच्या बाजूला चढला होता. बैलानं जाता जाता मान फिरवली. शिंग प्रज्वलच्या मांडीतून आरपार गेलं, आणि तो शिंगाला अडकून चार पावलं फरपटत गेला. मांडीतून रक्त उसळ्या मारत होतं. कुणीतरी काठी उचलली.

"त्याले मारू नका," गोजराबाई बैलाच्या आणि माणसांच्या मध्ये उभी राहिली. "त्यानं कोनाले पाह्यलं नाई. तो वारा शोधून राह्यला."

बैल रस्ता ओलांडून तिच्या वावरात गेला आणि कडुनिंबाखाली कोसळला.

मग मात्र माणसं हलली. जगदेव गावातून धापा टाकत आला होता. त्यानं काही न विचारता आधी आपलं धोतर फाडून प्रज्वलची मांडी करकचून बांधली, मग ट्रकमध्ये चढून दोर कापायला लागला. काही जणांनी भाऊसिंगला सावलीत नेलं. ज्यांनी त्याला मारलं होतं त्यांतलेच दोघं त्याला पाणी पाजत होते. गोजराबाई सांगत होती तसं बाया करत होत्या: जनावर जनावरापासून दूर, वाऱ्याच्या तोंडाला. आधी पाय आणि पोट ओलं करायचं, मग कान, मग गळ्याची पोळी उचलून तिच्या आतून पाणी फिरवायचं, आणि कापलेल्या ताडपत्रीनं वारा घालायचा. पाणी नुसतं ओतत राहायचं नाही, ते वाळू द्यायचं. तालुक्याचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी बैलाच्या कानाला हात लावला, शिरेत सलाइन लावलं आणि म्हणाले, "असंच चालू ठेवा."

जवळपास निम्मी जनावरं वाचली. वाचलेल्यांत बहुतेक गावरान. पण सगळी गावरान वाचली असं नाही. जी तळाशी दबली होती, त्यांची कातडी, वशिंड, पोळी, सगळं तसंच होतं आणि ती मेली होती. त्यांना ओढून ओळीनं ठेवलं, तेव्हा वावराचा अख्खा बांध भरला.

भाऊसिंग अकोल्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. जिवंत राहिला. डावा डोळा गेला. प्रज्वलचा पाय वाचला, पण तो आता काठी घेऊन चालतो.

पोलीस गावात आले. कुणी मारलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. ज्यांनी लाथा घातल्या ते त्या वेळी शेतात होते, आणि जे बघत होते ते बाजाराला गेले होते. जबाब द्यायच्या दिवशी सकाळी जगदेव चुलीपाशी येऊन बसला.

"लखनची माय," तो म्हणाला, "हात तं मोडलाच तू त्याचा. झाली ना शिक्षा? आता गप राह्य."

"मी गप राह्यलो तं तो पुना मारन."

"तो आपला पोरगा हाये."

"म्हनूनच सांगतो," ती म्हणाली. जगदेव उठून बाहेर गेला. दोन दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही.

तिनं जबाब दिला. लखनचं नाव सांगितलं, प्रज्वलचं सांगितलं, बाकीच्यांचीही सांगितली. आपण सब्बल मारली तेही सांगितलं. त्या पावसाळ्याच्या आधी तिच्या कडब्याची गंजी कुणीतरी पेटवली. गोठ्याचं छप्परही जळालं. एक कालवड आत होरपळून मेली. कुणी पेटवली ते तिला माहीत होतं, पण ते तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून ते नाव तिनं पोलिसांना दिलं नाही.

लखन जामिनावर सुटला तो घरी आला नाही. वैभवीला माहेरचे न्यायला आले. ती गेली नाही. "गुरं कोन पाह्यीन?" एवढंच तिनं आपल्या भावाला सांगितलं.

खटला उभा राहायच्या आधी गोजराबाई एकटीच मानोऱ्याला गेली आणि विचारत विचारत भाऊसिंगच्या तांड्यावर पोचली. दारात त्याची बायको हिरीबाई उभी होती. गोजराबाईनं आपण कोण ते सांगितलं. हिरीबाईनं ऐकून घेतलं आणि तिच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. गोजराबाईनं तोंड फिरवलं नाही. हिरीबाई तिसऱ्यांदा हात उचलून थांबली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. आतून भाऊसिंग म्हणाला, "येऊ दे तिले. हिनंच वाचवलं मले." पण हिरीबाई काही उंबऱ्यावरून हलली नाही, आणि गोजराबाईही आत गेली नाही. ती हिरीबाईसमोर अंगणातच बसली.

कोर्टात वकिलानं तिला विचारलं, तुमचं तुमच्या मुलाशी वैर होतं का. ती म्हणाली, नाही. मग आईच्या मनानं मुलाचा हात कसा मोडला, त्यानं विचारलं. तिनं पाणी मागितलं. जज्जसाहेबांनी ते द्यायला सांगितलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "अजून एक घाव बसला असता तं तो मानूस मेला असता. माह्या पोराच्या हातानं मेला असता." लखन खाली बघत होता. त्याचा मोडलेला हात वाकडाच सांधला गेला होता.

शिक्षा झाली. लखनला आणि आणखी तिघांना. अमरावतीच्या जेलात तो आहे. गोजराबाई भेटीला जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा तो बाहेर आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ती दिवसभर फाटकाबाहेर बसून संध्याकाळच्या गाडीनं परत आली. जगदेव म्हणाला, "कायले जाते?" आणि पुढच्या वेळी तोच तिच्याआधी तयार होऊन बसला.

त्या दिवशी लखन आला. जाळीच्या पलीकडं बसला. बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं नाही. भेटीची वेळ संपत आली, तेव्हा त्यानं खालीच बघत विचारलं, "वैभवी कशी हाये?"

"बरी हाये," गोजराबाई म्हणाली. "पुढच्या बारीले येतो म्हने."

लखननं मान हलवली. शिपायानं हाक मारली, तसा तो उठला आणि आत गेला.